कलमाला तीन वर्षं, पोराला सहा महिने

हापूसचं कलम लावल्यावर पहिली तीन-चार वर्षं त्याला मोहर आला तरी तो खुडून टाकतात. झाडानं आधी अंग धरावं, मुळं खोल जावीत आणि मगच फळाचं ओझं घ्यावं, हे कोकणातल्या बागायतदाराला कोणी शिकवावं लागत नाही. पाचव्या-सहाव्या वर्षी थोडी फळं दिसतात. भरवशाचं उत्पन्न म्हणावं ते दहा वर्षांच्या आसपास. तोवर आळी करणं, खत घालणं, उन्हाळ्यात डोक्यावरून पाणी आणून शिंपणं, गवत काढून वणव्यापासून राखणं, सगळं पदरमोड करून. या काळात कलमाजवळ उभं राहून ‘दोन वर्षं झाली, अजून पेटी का नाही?’ असं कोणी विचारत नाही.

सरकारनंही हे ओळखलेलं आहे. १९९०-९१ मध्ये महाराष्ट्रानं फळबाग लागवड रोजगार हमी योजनेला जोडली आणि कोकणातल्या वरकस, म्हणजे डोंगरउताराच्या हलक्या जमिनींवर आंबा-काजूच्या बागा उभ्या राहिल्या. २०१८ मध्ये भाऊसाहेब फुंडकर फळबाग लागवड योजना आली. तिच्यात अनुदान एकदम हातात पडत नाही. पहिल्या वर्षी ५० टक्के, दुसऱ्या वर्षी ३० आणि तिसऱ्या वर्षी २० असं ते तीन वर्षांत मिळतं. पुढचा हप्ता हवा तर ठरावीक प्रमाणात झाडं जिवंत दिसली पाहिजेत. काही मेली तर शेतकऱ्यानं स्वतःच्या खर्चानं नांग्या भरायच्या, म्हणजे मेलेल्या झाडांच्या जागी नवी लावायची, आणि प्रमाण राखायचं. ही रचना मला फार शहाणपणाची वाटते. तिच्यात पैसा आहे, मुदत आहे, येऊन बघणारं कोणीतरी आहे आणि काही झाडं मरणारच हे आधी धरलेलं आहे. चार झाडं वाळली म्हणून बाग रद्द होत नाही.

माझी मागणी साधी आहे. कलमाच्या बाबतीत जे आपल्याला कळतं, ते याच किनाऱ्यावर राहून काही उभं करू पाहणाऱ्या मुलामुलींच्या बाबतीतही कळायला हवं. आणि ते योजनांच्या अटींत, बँकेच्या हप्त्यांत आणि घरातल्या बोलण्यात दिसायला हवं.

कोकणातली मुलं अभ्यासात कुठे कमी पडत नाहीत. २०१२ पासून कोकणाचं स्वतंत्र विभागीय शिक्षण मंडळ आहे आणि दहावीच्या निकालात ते सातत्यानं राज्यात पहिलं येत आलं आहे. २०२४ मध्ये या विभागाचा निकाल ९९.०१ टक्के होता. आता याच्या शेजारी जनगणनेचे आकडे ठेवा. २००१ ते २०११ या दहा वर्षांत राज्याची लोकसंख्या वाढली, रत्नागिरी जिल्ह्याची मात्र १६,९६,७७७ वरून १६,१५,०६९ वर आली. सिंधुदुर्गाची ८,६८,८२५ वरून ८,४९,६५१ वर. रत्नागिरीत त्या वेळी दर हजार पुरुषांमागे ११२२ स्त्रिया होत्या. पुरुष कुठे होते हे सांगायची गरज नाही. मुलं उत्तम मार्कांनी पास होतात आणि गाडी पकडतात.

मुंबईला जाण्यात वाईट काहीच नाही. आमची कित्येक घरं गिरणीतल्या पगारावर आणि मनीऑर्डरवर उभी राहिली, बहिणींची लग्नं त्यावर झाली, भावांची शिक्षणं झाली. १९८२ चा संप झाला, गिरण्या बंद पडत गेल्या, तरी ती वाट मोडली नाही. जाणाऱ्यांबद्दल मला काही म्हणायचं नाही. मला बोलायचं आहे ते राहू इच्छिणाऱ्यांबद्दल. अशी मुलं आता गावोगाव दिसतात. कोणाला घराच्या पडवीलगत दोन खोल्या काढून पाहुणे ठेवायचे असतात. कोणाला कोकम, फणस, करवंद यांचं काही टिकाऊ बनवून स्वतःच्या नावानं विकायचं असतं. कोणी खाडीत कालवं, खेकडे वाढवू पाहतं. कोणाला बापाची होडी ठेवून तिच्यावर पर्यटक फिरवायचे असतात. स्वप्नं मोठी नाहीत. पण ती खरी आहेत आणि याच जमिनीतून, याच पाण्यातून आलेली आहेत.

या मुलांना आपण काय देतो? प्रधानमंत्री रोजगार निर्मिती कार्यक्रम २००८ पासून चालू आहे, राज्याचा मुख्यमंत्री रोजगार निर्मिती कार्यक्रम २०१९ पासून. प्रकल्पाच्या खर्चातला काही हिस्सा अनुदान, थोडा स्वतःचा आणि उरलेलं बँकेचं कर्ज. केंद्राच्या योजनेतलं अनुदान तीन वर्षं बँकेत स्वतंत्र ठेवलेलं असतं, उद्योग चालू असल्याची खात्री झाली की ते कर्जात वळतं होतं. म्हणजे तीन वर्षांचा हिशेब तिथेही आहे, पण तो अनुदानाच्या रकमेचा. मुलाचा हप्ता बँकेनं ठरवलेली सवलतीची मुदत संपली की सुरू होतो, आणि ती मुदत बहुधा सहा महिन्यांची असते. प्रशिक्षण काही दिवसांचं. २०२४ मध्ये राज्यानं मुख्यमंत्री युवा कार्यप्रशिक्षण योजना आणली. बारावी झालेल्याला महिना ६,००० रुपये, आयटीआय किंवा पदविका असलेल्याला ८,०००, पदवीधराला १०,०००. शिकताना हाताला पैसा मिळाला पाहिजे हे तत्त्व तिच्यात होतं आणि ते मला मनापासून पटतं. पण मुदत सहा महिन्यांची, पुढे ती पाच महिन्यांनी वाढवली. एवढ्यात माणूस कार्यालयातल्या फायलींना सरावतो. स्वतःच्या पायावर काही उभं करण्याइतकं शिकत नाही.

किनाऱ्यावरच्या धंद्यात शिकणं म्हणजे काय, ते जरा जवळून पाहू. समजा एका मुलीनं न्याहरी-निवासासाठी दोन खोल्या काढल्या. दिवाळी, नाताळ, मे महिना हे तिचे दिवस. पहिल्या वर्षी यातलं काहीच तिला अंदाजानं येत नाही. पाहुणे रात्री अकराला पोचतात, पाणी किती लागतं, शहरातली माणसं मासे कसे खातात, कोणाला काटा चालत नाही, दर किती सांगावा, आगाऊ रक्कम घ्यावी की विश्वास ठेवावा, हे सगळं चुकत चुकत समजतं. दुसऱ्या वर्षी मागचे पाहुणे पुन्हा आले तर काही जमलं म्हणायचं. खरा हिशेब तिसऱ्या वर्षी मांडता येतो, कारण तोपर्यंत तिनं तीन पावसाळे पाहिलेले असतात. आमच्याकडे पावसाळा हा धंद्याचा मुख्य विषय आहे. १ जून ते ३१ जुलै यांत्रिक मासेमारी बंद. मे संपत आला की समुद्रातले जलक्रीडेचे खेळ बंद होतात ते ऑगस्ट सरेपर्यंत. वर्षातले चार महिने किनारा जवळजवळ बिनकामाचा. बँकेचा हप्ता मात्र बाराही महिने सारखाच. डोंबिवलीतल्या दुकानाला आणि तारकर्लीतल्या होडीला एकच परतफेडीचा तक्ता लावला जातो. यात बँकेतल्या माणसाचा काही दुष्टावा नसतो, तक्ताच तसा छापलेला असतो.

नियोजनाचंही तसंच झालं आहे. कर्जाच्या अर्जासोबत प्रोजेक्ट रिपोर्ट लागतो. तो मुलं स्वतः लिहीत नाहीत, तालुक्याच्या गावी कोणीतरी करून देतं. पहिल्या वर्षी अमुक टक्के क्षमता, दुसऱ्या वर्षी दहा टक्के जास्त, तिसऱ्या वर्षी आणखी दहा. आकडे चढत जातात, कारण चढल्याशिवाय कर्ज मंजूर होत नाही. मुलगा सही करतो आणि ते कागद पुन्हा कधी उघडत नाही. याला नियोजन म्हणायला माझं मन धजत नाही. पावसाचे चार महिने घर कशावर चालेल? इंजिन बिघडलं तर दुरुस्तीला कोण येईल, किती दिवसांत? पहिल्या वर्षी तोटा किती झाला तरी आपण उभे राहू? गावात हेच काम आणखी चौघांनी सुरू केलं तर? किती वाट बघायची आणि कुठल्या टप्प्यावर मार्ग बदलायचा? कागदावर खरंतर ही उत्तरं हवीत. ती शोधायला मुलाशेजारी अनुभवी माणूस बसायला हवा आणि त्या बसण्यासाठी वेळ हवा.

आपल्याकडे असं काही घडलेलंच नाही असं मात्र नाही. मंडणगड तालुक्यातल्या वेळासला जे झालं ते या किनाऱ्यानं पुन्हापुन्हा आठवावं असं आहे. ऑलिव्ह रिडले जातीची कासवं तिथल्या वाळूत अंडी घालतात. पूर्वी ती अंडी कोल्ही-कुत्री खायची, माणसंही काढून न्यायची. २००२ मध्ये चिपळूणच्या सह्याद्री निसर्ग मित्र या संस्थेनं गावाला सोबत घेऊन ती राखायला सुरुवात केली. रात्री-पहाटे किनारा चालायचा, घरटं शोधायचं, अंडी अलगद काढून कुंपणातल्या वाळूत तेवढ्याच खोल पुरायची आणि मग दीड-दोन महिने वाट बघायची. त्यात कोणाला पैसा दिसत नव्हता. पिल्लू समुद्रात गेलं की ते मोठं होऊन अंडी घालायला येईपर्यंत दहा-पंधरा वर्षं जातात, तेव्हा यश मोजायचं तरी कसं? तरी हे काम दरवर्षी चालू राहिलं. २००६ मध्ये कासव महोत्सव सुरू झाला. शहरातली माणसं पिल्लं बघायला येऊ लागली, गावातल्या घरांत उतरू लागली, घरातल्या बायकांच्या हातचं जेवून जाऊ लागली. गावच्या बायकांना घरबसल्या उत्पन्न मिळालं आणि अंडी राखण्यात गावाचंच हित आहे हे सगळ्यांना दिसलं.

यातली मधली चार वर्षं मला सगळ्यात महत्त्वाची वाटतात. तेव्हा महोत्सव नव्हता, पाहुणे नव्हते, फक्त शिकणं होतं. पिल्लं कधी बाहेर पडतात, वाळू किती तापते, कुंपण कुठे घालावं, लोकांना कसं समजवावं. ही वर्षं एका संस्थेनं आणि गावकऱ्यांनी स्वतःच्या बळावर निभावली. पण प्रत्येक गावाला अशी संस्था लाभत नाही. वेंगुर्ल्याला मांडवी खाडीत बचत गटातल्या बायका कांदळवनाची सफर घडवतात, स्वतः होडी वल्हवतात, कुठलं झाड कुठलं ते ओळखून सांगतात. त्यांच्याही मागे शिकवणारे हात होते, प्रशिक्षण होतं, लोकांनी विश्वास ठेवला होता. जिथे जिथे काही टिकलेलं दिसतं तिथे खोदून पाहावं, सुरुवातीची बिनकमाईची वर्षं कोणीतरी उचललेली आढळतात.

थोरांच्या गोष्टी सांगताना नेमकं हेच आपण गाळतो. महर्षी कर्वे हे दापोलीजवळच्या मुरूडचे. परीक्षेसाठी मुरूडहून साताऱ्याला पावसापाण्यात, घाट चढून पायी गेलेला मुलगा आणि वयानं लहान दिसतो म्हणून त्याला परीक्षेला बसू न देणं, ही गोष्ट प्रत्येक शाळेत सांगतात. ती सांगावीच. पण तिच्यातून मुलांना एवढंच कळतं की जिद्द असली की पुरे. त्याच कर्व्यांनी १८९६ मध्ये अनाथ बालिकाश्रमाची संस्था सुरू केली आणि महिला विद्यापीठ सुरू केलं १९१६ मध्ये. मधल्या वीस वर्षांत त्यांनी दारोदार वर्गणी मागितली, पैपैचा हिशेब ठेवला, एका संस्थेच्या अनुभवावर दुसरी उभारली. विद्यापीठ सुरू झालं तेव्हा त्यांचं वय अठ्ठावन्न होतं. पायी गेलेल्या मुलाइतकीच हिशेबाच्या वह्या राखणाऱ्या माणसाची गोष्टही मुलांना सांगायला हवी.

शिकण्याची आपली जुनी रीतही अशीच होती. दशावतारात संवाद लिहून दिलेले नसतात. कथानक ठाऊक असतं, शब्द रंगमंचावर सुचावे लागतात. नवा पोरगा आधी सामानाला हात लावतो, किरकोळ भूमिका करतो, जत्रेमागून जत्रा जागून थोरांना ऐकतो. काही वर्षांनी एखाद्या रात्री राजाच्या तोंडचं भाषण त्याला सुचू लागतं. या काळात त्याला कंपनीचं जेवण मिळतं, थोडी बिदागी मिळते. उपाशी ठेवून कोणी कोणाला शिकवत नव्हतं.

आता एक धोका सांगितलाच पाहिजे, कारण धीर धरा म्हणणं फार सोपं आहे आणि त्या नावाखाली आमच्या किनाऱ्यानं बरंच सोसलं आहे. मुंबई-गोवा महामार्गाचं चौपदरीकरण २०११ मध्ये सुरू झालं. किती गणपती त्या खड्ड्यांतून आले आणि गेले. मुदती जाहीर झाल्या, ठेकेदार बदलले, आणि लोकांना दरवर्षी आणखी थोडं थांबायला सांगितलं गेलं. त्या थांबण्यातून कोणी काही शिकलं असं मला दिसत नाही. शेजारचीच कोकण रेल्वे पाहा. बॅरिस्टर नाथ पै, मधू दंडवते यांनी संसदेत ती मागणी लावून धरली. १९९० मध्ये महामंडळ झालं. केंद्रानं ५१ टक्के भांडवल घातलं, महाराष्ट्रानं २२, कर्नाटकानं १५, गोवा आणि केरळनं प्रत्येकी ६, आणि बाकी पैसा रोख्यांतून उभा केला. ई. श्रीधरन यांच्या हाताखाली काम टप्प्याटप्प्यानं होत गेलं, तयार झालेले तुकडे सुरूही होत गेले. पेडण्याच्या बोगद्यात माती इतकी भुसभुशीत निघाली की खणलेलं पुन्हापुन्हा ढासळलं, वर्षं गेली, माणसं दगावली. ठरलेल्या मुदतीत काम झालं नाही. २६ जानेवारी १९९८ ला पूर्ण मार्ग खुला झाला. उशीर दोन्हीकडे झाला. पण रेल्वेच्या कामात कुठे अडलंय हे माहीत होतं, कोणाला विचारायचं हे माहीत होतं, आणि उरलेलं काम त्यासाठी थांबलेलं नव्हतं. मी मागतो तो धीर या जातीचा आहे.

स्पर्धा परीक्षांचं हेच बघा. पुण्यात खोली घेऊन वर्षानुवर्षं अभ्यास करणारी आमची मुलं आळशी नाहीत, त्यांच्याइतके कष्ट कमी जण करत असतील. पण किती वर्षं द्यायची, त्यानंतर काय, हे सुरुवातीला कोणी त्यांच्याशी बोललेलं नसतं. जागा निघत नाहीत, निकाल लांबतात, न्यायालयात प्रकरण जातं, आणि पंचविशीचा मुलगा तिशीला टेकतो. घरचे म्हणतात, एवढी वर्षं केलंस, आता एक प्रयत्न आणखी कर. थांबण्याची तारीख आधी ठरवणं हा स्वप्नाचा अपमान नाही. ती ठरलेली असली तर मधली वर्षं मोकळ्या मनानं देता येतात.

घराकडे वळतो. राहू पाहणाऱ्या मुलाची सगळ्यात अवघड परीक्षा गणपतीत होते. मुंबईचे काका, मामा, चुलतभाऊ येतात, आरतीनंतर माजघरात बसतात आणि प्रेमानंच विचारतात, ‘सध्या काय करतंस?’ त्यानं सांगायला सुरुवात केली की दुसऱ्या वाक्याला कोणीतरी म्हणतं, ‘हंय काय आसा? मुंबयक ये, बघूया खंय चिकटवूक.’ या बोलण्यात माया असते, म्हणूनच ते जास्त लागतं. मला वाटतं, या काकामामांनी प्रश्न बदलावा. काय शिकलास यंदा, पुढच्या वर्षी काय वेगळं करणार, आमच्या सोसायटीत तुझ्या कोकमाच्या बाटल्या कोणाकोणाला देऊ, असं विचारावं. चाकरमान्यांनी गावच्या मंदिरांसाठी, शाळांसाठी आजवर भरभरून वर्गण्या दिल्या. तेच हात या मुलांची पहिली गिऱ्हाइकं होऊ शकतात.

मुलीला तर हा प्रश्न विचारायलाही कोणी थांबत नाही. तिनं काही सुरू केलं तर दोन वर्षांत लग्न ठरतं आणि काम माहेरी राहतं. बचत गटांच्या जोरावर गावात टिकून काम करणाऱ्या बहुतेक बायका लग्न होऊन आलेल्या, चाळिशीच्या पुढच्या दिसतात. त्याचं कारण हेच. विशीतल्या मुलीला तीन वर्षं हवी असतील तर आईबापांनी ती तिला घरातल्या घरात मिळवून द्यावी लागतील. हे कुठल्याही सरकारी योजनेनं होणार नाही.

जमिनीचं दुखणं तर सर्वांना ठाऊक आहे. सातबाऱ्यावर आजोबांच्या भावंडांपासूनची नावं, निम्मे सहहिस्सेदार मुंबईत, काही कुठे आहेत तेच माहीत नाही. संमतिपत्रांवर सह्या गोळा करण्यात मुलाचं पहिलं वर्ष जातं. त्या वर्षाला शिकणं म्हणता येणार नाही, ती नुसती पायपीट. वाटण्या होईपर्यंत दहा-पंधरा वर्षांच्या कराराची काही सोपी, बँकेला मान्य होणारी पद्धत ग्रामपंचायत आणि तलाठी पातळीवर बसवता येईल का, याचा विचार महसूल खात्यानं करायलाच हवा. भाऊबंदांनाही त्यात धोका वाटू नये, मालकी कुठेच जात नाही.

आणि समुद्र आहेच. ३ जून २०२० ला निसर्ग वादळ श्रीवर्धन-दिवेआगरच्या बाजूनं आत शिरलं. एका दुपारी नारळी-पोफळीच्या वाड्या आडव्या झाल्या. पोफळ लावल्यापासून फळायला सहा-सात वर्षं लागतात, नारळ त्याच हिशेबात. पुढच्याच वर्षी मे महिन्यात तौक्ते आलं. दोन पिढ्यांनी राखलेली वाडी ज्यानं त्या दिवशी जमिनीवर पाहिली त्याला धीराची महती सांगायला मी जाणार नाही. ज्याला आपण दहा वर्षांची मेहनत घालायला सांगतो त्याच्या दहा वर्षांचा विमा उतरवणं ही समाजाची जबाबदारी आहे. वर्षाच्या पिकाचं नुकसान मोजण्याची पद्धत बागेला आणि वाडीला अपुरी पडते. तिथे झाडाचं उरलेलं आयुष्य मोजलं पाहिजे.

माझ्या म्हणण्यावर आक्षेप येईल की हा जनतेचा पैसा आहे, शिकण्याच्या नावाखाली तो बुडेल. काही बुडेल, हे मी नाकारत नाही. पण आज तो वाचतो आहे का? सहा महिन्यांत हप्ता सुरू झाल्यामुळे दुसऱ्या वर्षी बंद पडलेले धंदे, गंज चढलेल्या पिठाच्या गिरण्या, बंद खोल्या आणि थकीत खाती प्रत्येक तालुक्यात आहेत. ज्या मुलाला आणखी एक पावसाळा मिळाला असता तर तो उभा राहिला असता, त्याचं खातं थकतं. मग बँक पुढच्या मुलाकडे संशयानं बघते आणि तो मुलगा काही न मागताच निघून जातो. दुसरा आक्षेप जास्त खरा आहे: गरिबाच्या घराला तीन वर्षं थांबणं परवडत नाही. अगदी बरोबर, म्हणूनच शिकण्याच्या काळात महिन्याची रक्कम हवी. फक्त बापाकडे पैसा असलेल्यांनाच प्रयोग करता आले तर किनाऱ्यावरचे सगळे चांगले धंदे बाहेरून पैसा आणणाऱ्यांच्या हातात जातील. बऱ्याच ठिकाणी ते गेलेही आहेत, आणि आमची मुलं तिथे खोल्या झाडतात.

मग करायचं काय, तर फळबागेच्या योजनेचा साचा उचलावा. निवडलेल्या मुलामुलींना तीन वर्षं, दरवर्षी कमी होत जाणारी रक्कम. पहिल्या वर्षी ती घर चालेल इतकी असावी, कारण त्या वर्षी मिळकत धरायचीच नाही. ते वर्ष चालत्या उद्योगात, जाणत्या माणसाच्या हाताखाली जावं आणि शिकवणाऱ्यालाही त्याचं मानधन मिळावं. दुसऱ्या वर्षी स्वतःचं लहान प्रमाणात सुरू करायचं. कर्ज तेव्हाच, आणि त्याचे हप्ते ऑक्टोबर ते मे या काळात, पावसाळ्यात फक्त व्याज. दरवर्षी कोणीतरी प्रत्यक्ष येऊन बघावं, कागद मागवून नव्हे. एक कल्पना फसली तर त्याच मुलाला दुसरी उभी करायला संधी असावी. नांग्या भरायची सोय इथेही हवी. दापोलीचं कोकण कृषी विद्यापीठ १९७२ पासून आहे, वेंगुर्ल्याला फळसंशोधन केंद्र आहे, तारकर्लीला पर्यटन महामंडळाची स्कूबा डायव्हिंगची संस्था आहे. शिकवणाऱ्या जागा नव्यानं बांधायची गरज नाही.

पैसा कुठून आणायचा, याचं उत्तरही जवळच आहे. पालकमंत्र्यांच्या अध्यक्षतेखाली जिल्हा नियोजन समिती दरवर्षी आराखडा मंजूर करते. रत्नागिरी आणि सिंधुदुर्ग या दोन्ही जिल्ह्यांनी पुढच्या आराखड्यात शंभर-शंभर जागांपासून सुरुवात करावी. निम्म्या मुलींसाठी राखाव्यात. तिसऱ्या वर्षाअखेर कितीजण टिकले ते ग्रामसभेत वाचून दाखवावं, आणि ज्यांना टिकता आलं नाही त्यांना कुठे काय आड आलं, हेही त्याच अहवालात, त्यांच्याच शब्दांत लिहिलेलं असावं.